डिझेल ट्रकचा ईजीआर आणि टर्बो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि अथणी भागातले ट्रकमालक, ड्रायव्हर आणि गॅरेजमधले मेस्त्री यांच्यासाठी ही माहिती आहे. ऊस, तंबाखू, खडी, वाळू किंवा कंटेनर, माल कोणताही असो, तक्रारी बहुतेक त्याच येतात. इथले आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरावा.

ईजीआर म्हणजे नेमकं काय, आणि त्याचा टर्बोशी काय संबंध?

जळून बाहेर पडणाऱ्या गॅसचा थोडा भाग थंड करून परत इंजिनात सोडायचा, एवढंच ईजीआरचं (एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशनचं) काम. या गॅसमध्ये ऑक्सिजन कमी असतो. त्यामुळे सिलिंडरमधलं जळणाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. गॅस एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून निघतो, कुलंटवर चालणाऱ्या ईजीआर कूलरमधून जातो आणि व्हॉल्व्हमार्गे इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या भागात, येतो. काही इंजिनांत व्हॉल्व्ह कूलरच्या आधी असतो, काहींत नंतर.

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, त्याच मॅनिफोल्डच्या गॅसवर फिरतो. ईजीआर उघडा अडकला की टर्बोला गॅस कमी पडतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, पडतो. टर्बोपुढचा होज फाटला की हवा कमी पडते, काजळी वाढते आणि ती ईजीआरमध्ये बसते. म्हणून एका भागाचा दोष दुसऱ्या भागात दिसतो. टर्बो बदलूनही गाडी ओढत नाही, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

गाडीचा पिकअप गेलाय, चढाला काळा धूर सोडते. सुरुवात कुठून करू?

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी हवेचा रस्ता बघा, मग गॅसचा, आणि सगळ्यात शेवटी टर्बोला हात लावा.

पहिला एअर फिल्टर. फिल्टरच्या घरावर इंडिकेटर असेल तर तो लाल पट्ट्यात गेलाय का बघा. बहुतेक टर्बो इंजिनांना फिल्टरमागची ओढ पाण्याच्या स्तंभात २५ इंचांपर्यंत, म्हणजे साधारण ६३५ मिलिमीटरपर्यंत चालते. त्यापुढे फिल्टर बदलायचाच. निपाणीकडची तंबाखूची धूळ, उसाच्या फडातली माती आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीला माल टाकणाऱ्या गाड्यांवर बसणारी बारीक वाळू, या तिन्हींनी फिल्टर किलोमीटरच्या हिशोबाआधीच भरतो. झाडायचाच असेल तर कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर झाडा. चाकावर आपटलेला फिल्टर टाकून द्या, कारण त्याचा कागद सुटलेला असतो. आतला छोटा सेफ्टी फिल्टर झाडायचा नसतो, बदलायचा असतो. फिल्टर काढलाच आहे तर पुढच्या पाइपात स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्याला माती लागली तर धूळ फिल्टरला चुकवून आत जाते आहे. मग कॉम्प्रेसर व्हीलच्या पात्यांच्या कडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतची (तो टर्बोची गरम हवा थंड करतो) आणि तिथून इनटेकपर्यंतची लाइन. होजच्या खालच्या बाजूला, जिथे तो चासीला किंवा क्लॅम्पला घासतो, तिथे चीर असते. थंड इंजिनावर ती दिसत नाही, दाबाखालीच उघडते. म्हणून लाइनची दोन्ही टोकं प्लगने बंद करून हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा. ३० पीएसआय भरून, हवा बंद केल्यावर १५ सेकंदांत दाब ७ पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये, हे माप पुष्कळ इंजिनांना वापरतात. प्लगला साखळी किंवा पट्टा बांधल्याशिवाय हवा भरू नका. सुटलेला प्लग गोळीसारखा येतो. समोर कोणी उभं राहू नये.

तिसरा एक्झॉस्ट ब्रेक. घाटात धावणाऱ्या गाड्यांत हे हमखास तपासा, कारण इकडे लक्षच जात नाही. त्याची फुलपाखरू-झडप गंजून अर्धवट बंद राहिली की मागचा दाब वाढतो, ईजीआरमध्ये गरजेपेक्षा जास्त गॅस ढकलला जातो आणि गाडी गुदमरते. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांच्या, गाडीत डीपीएफ, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबला तरी लक्षणं हीच.

चौथं, मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या जोडाभोवती काळे फराटे. तिथून गॅस बाहेर जातोय, म्हणजे टर्बोला तेवढी ताकद कमी.

एवढं सगळं ठीक निघालं तरच ईजीआर व्हॉल्व्ह आणि टर्बो उघडा.

स्कॅनर लावल्यावर कोणते आकडे बघायचे?

सगळ्यात उपयोगाचं रीडिंग इंजिन सुरू न करताच मिळतं. चावी ऑन, इंजिन बंद. या वेळी वातावरणाचा दाब आणि इनटेक मॅनिफोल्डचा दाब जवळजवळ सारखा यायला हवा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हा आकडा ९२ ते ९३ किलोपास्कल येतो, १०१ नाही. गाडी पणजीला उतरली की १०१ च्या आसपास दाखवते, चोर्ला घाट चढून आली की परत ९२-९३. हे बरोबरच आहे, सेन्सर बिघडलेला नाही. उलट बेळगावात उभी गाडी मॅनिफोल्डला १०५ दाखवत असेल, किंवा दोन आकड्यांत ४-५ किलोपास्कलपेक्षा जास्त अंतर असेल, तर बूस्ट सेन्सर काजळीने बुजला आहे नाहीतर बिघडला आहे. तो काढा, तोंडावरची काजळी स्प्रे क्लीनर आणि मऊ ब्रशने काढा, भोकात तार घालू नका.

मग इंजिन गरम करा, कुलंट ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्या. थंड इंजिनात ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ईजीआर बंदच ठेवतो, त्यामुळे थंडीत घेतलेलं रीडिंग फसवतं. ईजीआरची मागितलेली स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती शेजारी लावा. ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक टिकून राहिला तर व्हॉल्व्ह अडकतो आहे.

बूस्ट लोडखालीच बघायचा. उभ्या गाडीला रेस देऊन बूस्ट कळत नाही. भरलेली गाडी तवंदी किंवा वंटमुरीच्या चढाला लावा, एक जण गाडी चालवेल, दुसरा स्कॅनर बघेल. पूर्ण लोडला ट्रकचे टर्बो साधारण १.२ ते २ बार देतात. स्कॅनर जर निरपेक्ष दाब, म्हणजे वातावरणाचा दाब धरून, दाखवत असेल तर त्यातून बेळगावचे ९२ वजा करा. २५० किलोपास्कल दिसले म्हणजे खरा बूस्ट १५८ किलोपास्कल, म्हणजे दीड बारच्या थोडा वर. हा हिशोब न केल्यामुळे चांगले टर्बो बदलले जातात.

कोड आला की तोच भाग बदलायचा का?

नाही. कोड फक्त कुठली मोजणी चुकते आहे ते सांगतो. ट्रकमध्ये एसपीएन (कुठली मोजणी) आणि एफएमआय (दोषाचा प्रकार) असे दोन आकडे येतात, छोट्या गाड्यांत पी ने सुरू होणारे कोड.

एसपीएन १०२ म्हणजे इनटेकचा दाब. ४११ ईजीआरचा फरक-दाब, ४१२ ईजीआर गॅसचं तापमान, २७९१ ईजीआर व्हॉल्व्ह, ६४१ व्हीजीटीचा (पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोचा) अ‍ॅक्चुएटर, ३२५१ डीपीएफचा फरक-दाब. पिकअप किंवा छोट्या टेम्पोत पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, पी ०४०२ जास्त, पी ०२९९ बूस्ट कमी, पी ०२३४ बूस्ट जास्त.

एफएमआय नीट वाचा. ३ किंवा ४ आला तर व्होल्टेजची गडबड आहे, म्हणजे वायर, कनेक्टर किंवा सेन्सर. ७ आला तर यंत्र हलत नाही, म्हणजे काजळी किंवा अडकलेला भाग. १८ म्हणजे आकडा हवा त्यापेक्षा कमी, १६ म्हणजे जास्त. एसपीएन ४११ वर फक्त त्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या काजळीने बंद असतात, असं पुष्कळदा निघतं. नळ्या मोकळ्या केल्या की काम होतं.

पावसाळ्यातच इंजिनाची वॉर्निंग लाइट लागते, उन्हाळ्यात काही नाही. का?

खानापूर, जांबोटी, अनमोड या पट्ट्यातला पाऊस कनेक्टरमध्ये शिरतो. बॅटरीची वायर काढा, ईजीआर आणि बूस्ट सेन्सरचे कनेक्टर उघडा, हिरवट गंज आहे का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, रबरी सील फाटलं असेल तर बदला. नंतर चावी ऑन करून सेन्सरच्या वायरवर ५ व्होल्ट येतात का आणि अर्थिंग पक्कं आहे का ते मीटरने तपासा. प्रेशर वॉशरचा फवारा थेट ईजीआर अ‍ॅक्चुएटरवर मारू नका. पावसाइतकंच नुकसान तो करतो.

ईजीआर व्हॉल्व्ह कसा साफ करायचा?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. कुलंटची लाइन व्हॉल्व्हमधून जात असेल तर आधी कुलंट खाली उतरवा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॅटरी काढा, मग कनेक्टर, मग बोल्ट. जुने बोल्ट अडकले तर पेनिट्रेटिंग ऑइल मारून अर्धा तास थांबा. जोर लावून मॅनिफोल्डमध्ये बोल्ट तोडला तर एका तासाचं काम दिवसभराचं होतं.

व्हॉल्व्हचा काजळीचा भाग कार्बन क्लीनरमध्ये भिजवा, पण अ‍ॅक्चुएटरची मोटर आणि इलेक्ट्रॉनिक भाग त्यात कधीच बुडवू नका. मऊ पितळी ब्रश वापरा. स्क्रू ड्रायव्हरने बैठक खरवडली की तिथे ओरखडा पडतो आणि व्हॉल्व्ह कायमचा गळका होतो. कॉस्टिक सोडा टाळा, अ‍ॅल्युमिनियम त्यात खाल्लं जातं.

साफ झाल्यावर व्हॉल्व्ह हाताने दाबून मोकळा हलतो का आणि बंद होताना बैठकीवर पूर्ण बसतो का ते बघा. बैठकीवर रॉकेल ओतून दुसऱ्या बाजूला पाझरतं का, ही जुनी परीक्षा इथेही चालते. पण नंतर ते रॉकेल पूर्ण सुकवूनच व्हॉल्व्ह बसवा. गॅस्केट नवीच घाला. ८ मिलिमीटरचे बोल्ट साधारण २० ते २५ न्यूटन मीटरला आवळले जातात, पण मॅन्युअलचा आकडा बघा आणि आडवे-उभे असे आलटून पालटून आवळा.

शेवटी स्कॅनरने व्हॉल्व्हला नव्याने शिकवण द्या, म्हणजे बंद आणि उघडी स्थिती ईसीयूला कळते. ही पायरी राहिली की साफ केलेला व्हॉल्व्हही कोड टाकतो आणि मग सगळे नवीन व्हॉल्व्ह मागवतात.

व्हॉल्व्ह काढलाच आहे तर इनटेकमध्ये टॉर्च मारून बघा. क्रँककेसच्या वाफेतलं तेल आणि ईजीआरची काजळी मिळून डांबरासारखा थर बसतो. तोंड अर्धं बुजलं असेल तर मॅनिफोल्ड काढूनच साफ करा. गाडीवर असताना खरवडलात तर तुकडे थेट सिलिंडरमध्ये जातात.

दर आठवड्याला कुलंट कमी होतं, पण कुठे गळताना दिसत नाही.

ईजीआर कूलर फुटला असण्याची शक्यता मोठी आहे. सोबत गरम इंजिनावरही थांबत नाही असा पांढरा, गोडसर वासाचा धूर, एक्स्पान्शन टाकीत बुडबुडे किंवा टाकीच्या पाण्यावर काळा थर असेल तर शंका पक्की होते. हेड गॅस्केट गेल्यावरही असंच दिसतं, म्हणून हेड उघडण्याआधी कूलर तपासा.

थंड इंजिनावर कुलंट सिस्टिमला टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत, साधारण १ बारपर्यंत, पंपाने दाब द्या आणि अर्धा तास ठेवा. मग ईजीआर व्हॉल्व्ह काढून कूलरचं तोंड बघा. ओलं, हिरवं किंवा गुलाबी पाणी दिसलं की उत्तर मिळालं. खात्रीसाठी कूलर बाहेर काढा, कुलंटच्या बाजूचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून २ बार हवा सोडा आणि गरम पाण्यात बुडवा. बारीक चीर थंड पाण्यात दिसत नाही, म्हणून पाणी गरम हवं.

कूलर फुटतो तो बहुतेक आतलं पाणी उकळल्यामुळे. कुलंट कमी झालं की कूलरच्या वरच्या भागात वाफ होते, नळ्या तापतात आणि पाणी परत आलं की तडकतात. दुसरं कारण बोअरवेलचं पाणी. जड पाण्याचा पांढरा क्षार नळ्यांवर चढतो आणि उष्णता अडवतो. वाटेत बोअरचं पाणी टाकावं लागलं तर गावी आल्यावर ते पूर्ण उतरवून तयार कुलंट, किंवा कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. फुटलेला कूलर वेल्डिंग करून फार दिवस टिकत नाही. बदला. फुटक्या कूलरवर गाडी चालवलीत आणि उभ्या गाडीत सिलिंडरमध्ये पाणी साचलं, तर सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो.

ईजीआरला प्लेट मारून बंद केला तर?

करू नका. बीएस-४ आणि बीएस-६ इंजिनात ईसीयू ईजीआरचा प्रवाह मोजतो. प्लेट मारली की लाइट लागते आणि काही गाड्यांत ताकद कापली जाते. जळणाचं तापमान वाढतं. बीएस-६ मध्ये तेवढा जास्त नायट्रोजन ऑक्साइड निपटायला युरिया, म्हणजे डीईएफ, जास्त जातो.

कायद्याचा भाग वेगळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करायला मनाई करतं. कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे कोगनोळीच्या, म्हणजे कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीच्या, अलीकडे आणि पलीकडे तो सारखाच लागू.

टर्बोच्या पाइपात तेल दिसतं. टर्बो गेला?

पाइपाच्या आत तेलाचा पातळ ओलावा असतोच, कारण ब्रीदरची, म्हणजे क्रँककेसची वाफ सोडणाऱ्या नळीची, वाफ बऱ्याच इंजिनांत तिथेच सोडलेली असते. तेल साचून वाहत असेल तर काळजी करा, पण तेव्हाही टर्बोला आधी दोष देऊ नका. तेल सीलमधून ढकललं जाण्याची कारणं बाहेर असतात. फिल्टर तुंबला की कॉम्प्रेसरच्या बाजूला ओढ तयार होते. टर्बोची परतीची तेलनळी वाकली किंवा बुजली की तेल आत साचतं. ब्रीदर बंद असेल किंवा रिंगा गेल्या असतील तर क्रँककेसचा दाब तेल वर धरून ठेवतो.

परतीच्या नळीच्या गॅस्केटला सिलिकॉन पेस्ट लावू नका. जास्तीची पेस्ट आत येऊन भोक झाकते. ही चूक इतकी सर्रास होते की निळा धूर सोडणारा नवा टर्बो आला की आधी तेच बघावं.

टर्बोची दांडी (शाफ्ट) हलते. किती हलणं ठीक?

वर-खाली थोडी हलणारच. बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगणारी आहेत आणि इंजिन बंद असताना तेल नसतं. व्हील घराला घासत नसेल तोवर घाबरू नका. पुढे-मागे मात्र जवळपास हलता कामा नये. डायल गेज लावलात तर वर-खाली हालचाल साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर आणि पुढे-मागे ०.०३ ते ०.१० मिलिमीटर ही ट्रकच्या टर्बोंची सर्वसाधारण पट्टी. पुढे-मागे हाताला स्पष्ट जाणवलं तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. घरावर घासल्याची चमक किंवा पात्याची मोडकी कड दिसली तर मोजमाप न करताच टर्बो बाद.

नवा टर्बो बसवला आणि महिन्यात तोही गेला.

पहिला का गेला हे शोधलंच नाही. तेल कमी मिळून गेला असेल तर बेअरिंग निळं-काळं पडलेलं असतं. घाण तेलाने गेला असेल तर दांडीवर गोल ओरखडे असतात. काही आत शिरून गेला असेल तर पाती ठेचलेली असतात, आणि मोडलेले तुकडे इंटरकूलरमध्ये पडून राहतात. इंटरकूलर साफ केला नाही तर ते तुकडे इंजिनात जातात.

बसवताना तेल आणि तेल फिल्टर बदला. टर्बोला तेल देणारी नळी मॅनिफोल्डजवळ तापून आतून कार्बन धरते, म्हणून तीही बदललेली बरी. टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि व्हील हाताने फिरवा. मग डिझेल बंद ठेवून स्टार्टर १० ते १५ सेकंदांच्या टप्प्यांत फिरवा. परतीच्या नळीतून तेल येताना दिसलं की ती जोडा, आणि मगच इंजिन सुरू करा. पहिली ३ ते ४ मिनिटं आयडलवर ठेवा.

तेलाचा ग्रेडही बघा. बीएस-६ ला कमी राखेचं सीके-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० लागतं, नाहीतर डीपीएफ राखेने भरतो.

जुना टर्बो दुरुस्त करून घ्यावा का?

चांगल्या ठिकाणी करून मिळाला तर हरकत नाही. उद्यमबागेत लेथचं उत्तम काम होतं, पण टर्बोचं बुश लेथवर घासून बसवणं हा त्याचा उपाय नाही. दांडी मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूकही तिथे मोठी ठरते. पूर्ण कार्ट्रिज (टर्बोचा आतला फिरणारा गाभा) बदलून हायस्पीड मशीनवर बॅलन्स केलेला, बॅलन्सचा कागद सोबत देणारा दुरुस्तीदार निवडा. व्हीजीटी असेल तर पात्यांची सेटिंग फ्लो बेंचवर केलेली हवी, नुसती अंदाजाने नको.

वेस्टगेट आणि व्हीजीटी कसे तपासायचे?

वेस्टगेट म्हणजे जास्तीचा गॅस टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. तिच्या अ‍ॅक्चुएटरला हातपंपाने हवा द्या. ठरलेल्या दाबाला दांडी सरकायला लागली पाहिजे आणि दाब टिकला पाहिजे. दाब सुटला तर डायफ्राम फाटलाय. दांडीची लांबी वाढवून बूस्ट चढवू नका, टर्बो जास्त वेगाने फिरून फुटतो. व्हीजीटीत पाती काजळीने अडकतात. गाडी कमी वेगात ओढत नाही पण वरच्या वेगाला बरी चालते, हे त्याचं लक्षण. अ‍ॅक्चुएटर बदलल्यावर स्कॅनरने कॅलिब्रेशन करावंच लागतं.

शिट्टीसारखा आवाज येतो.

लोड आल्यावर हिस्स असा आवाज म्हणजे हवेची गळती. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा चढ-उतार होणारा आवाज म्हणजे व्हील घासतंय किंवा बॅलन्स गेलाय. दुसरा आवाज आला तर गाडी पुढे नेऊ नका.

गळीत हंगामात कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास गाडी चालू ठेवावी लागते. त्रास होतो का?

होतो, आणि हंगाम संपता संपता ईजीआर तुंबून येणाऱ्या उसाच्या गाड्यांचं हे मोठं कारण आहे. आयडलवर एक्झॉस्ट थंड राहतो, काजळी ओली आणि चिकट होते. रांग पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबली तर इंजिन बंद करा. रिकामी परत येताना हायवेला मिळेल तेवढा वेळ इंजिन नीट गरम चालू द्या. बीएस-६ गाडीने डीपीएफ जाळायला, म्हणजे रीजनला सांगितलं तर ते अर्ध्यावर तोडू नका. गाडी उभी करून रीजन करायचं असेल तर उसाचं पाचट, वाळलेलं गवत यांपासून लांब करा, सायलेन्सरचा गॅस अतिशय तापलेला असतो.

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्याही याच कारणाने तुंबतात. इंजिन कधीच गरम होत नाही. थर्मोस्टॅट परत बसवा.

घाट चढून आल्यावर लगेच गाडी बंद केली तर?

चोर्ला किंवा अनमोड भरलेल्या गाडीने चढून आलात की टर्बोचं घर लालबुंद असतं. इंजिन बंद होताच तेल थांबतं आणि बेअरिंगमध्ये जे उरतं ते जळून कोळसा होतं. ३ ते ५ मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा. घाटानंतर ५-१० किलोमीटर सपाटीला हलक्या पायाने चालवली असेल तर एक मिनिट पुरे. सकाळी सुरू करतानाही ऑइल प्रेशर येईपर्यंत, निदान अर्धा मिनिट, रेस देऊ नका.